आळणी उप्पीट

अंकासाठी लेख मागायला आलेली मुलगी म्हणाली, "आजी, तुमच्या समाजसेवेबद्दल लिहा." मी तिला म्हटलं, मी समाजसेवा केलेली नाही, मी उप्पीट केलं. रोज सकाळी उठून चुलाण पेटवलं आणि मोठ्या पातेल्यात उप्पीट केलं, बरीच वर्षं. त्याबद्दल चालत असेल तर लिहिते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. चुका सुधारून घ्या, पण उगाच गोड करू नका.

निपाणीतली जुनी माणसं मला अजून 'आळणी आक्का' म्हणतात. मी लग्नाच्या पंगतींचा स्वयंपाक केलेली बाई. माझ्या हातच्या आमटीसाठी लोक दोनदा भात मागून घ्यायचे. अशा बाईला हे नाव पडावं, याचा मला पुष्कळ दिवस राग होता. आता नाही. म्हणजे थोडा आहे.

आधी वखार म्हणजे काय ते सांगते. आता बेळगावात नोकरीला असलेल्या पोरांना वखार म्हटलं की लाकडाची वाटते. आमच्याकडं वखार तंबाखूची. शेतातनं आलेला वाळका पाला तिथं कुटायचा आणि चाळायचा. पाला वेगळा, काडी वेगळी, भुकटी वेगळी. काम सगळं बायकांचं. वाऱ्यानं पाला उडू नये म्हणून दारं बंद ठेवायचे. आत धुरळा असा, की समोर बसलेली बाई दिसायची नाही, तिचा ठसका तेवढा ऐकू यायचा. तोंडाला बांधलेला पदर संध्याकाळी तपकिरी व्हायचा. लग्न करून आले तेव्हापासून मीही तिथं चाळण धरली. छाती भरायला लागली तेव्हा सोडली आणि स्वयंपाकाला जाऊ लागले.

तंबाखू लागते हे खाणाऱ्यांना माहीत असतं. ती चाळणाऱ्यालाही लागते, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. पोटात काही नसलं की नाकातनं गेलेली भुकटीच लागते. घाम फुटतो, तोंडाला पाणी सुटतं, भिंती फिरतात आणि बाई पडते. भरल्या पोटी कमी लागते. हे वखारीतल्या एकूणएक बाईला ठाऊक होतं. तरी बायका बिनदुधाचा चहा पिऊन जायच्या, कारण रात्रीची भाकरी उरली तर ती पोरांना. पडलेल्या बाईच्या तोंडावर पाणी मारून तिला घरी पाठवायचे. एकसारखी पडायला लागली की मुकादम दुसरी बाई घ्यायचा. दुसऱ्या बायका दारात उभ्याच असायच्या.

आणीबाणी उठल्यानंतरचे दिवस असतील. आमच्या वस्तीच्या शाळेतनं निवृत्त झालेले एक गुरुजी माझ्याकडं आले. म्हणाले, "पोरं पहिल्या तासाला पेंगतात आणि त्यांच्या आया वखारीत पडतात. दोन्हीला औषध एकच आहे. तुमची पातेली द्याल काय?" मी म्हटलं, पातेली देईन, पण दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही. म्हणून मी गेले. गुरुजी बाजारात दुकानादुकानांतनं रवा आणि तेल मागून आणायचे. तिसरी बिस्मिल्ला. ती आमच्याच बोळात राहायची. दम्यानं तिनंही वखार सोडली होती. रवा भाजावा तर तिनंच, आणि तोंड कसं आवरू नये तेही तिच्याकडनंच शिकावं. एवढीच आमची संस्था. पुढं कॉलेजातली मुलं वाढायला येऊ लागली. परीक्षा आली की ती गायब व्हायची.

उप्पीटच का, असं लोक विचारायचे. जाड रवा फुगतो, पोटात टिकतो आणि घाईत खाता येतो. ताटली ज्यानं त्यानं घरची आणायची, म्हणजे भांडी घासायला माणूस लागत नाही. वस्तीच्या तोंडाशी, वखारीला जायच्या वाटेवर, कडुलिंबाच्या झाडाखाली आम्ही चुलाण मांडलं. गुरुजींनी एक फळी रंगवली. अक्षर मोत्यासारखं. वर मराठीत 'मोफत नाष्टा', खाली तेच कानडीत.

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. कुत्री आली. दुसऱ्या दिवशी काही पोरं आली आणि धोंडीमामा आला. हा म्हातारा एकेकाळी बैलगाडीतनं तंबाखूची पोती वाहायचा. आता दात नव्हते आणि सुनेशी पटत नव्हतं. तो रोज यायचा, रोज खायचा आणि रोज नावं ठेवायचा. "रवा कच्चा हाय." "मिरची कुणाच्या सासूनं टाकली?" बिस्मिल्ला म्हणायची, "मामा, नको तर ठेवा की खाली." तो म्हणायचा, "खाली ठिवून काय कुत्र्यास्नी घालू?" आणि ताटली चाटून जायचा.

पण ज्या बायकांसाठी मांडलं होतं त्या मान खाली घालून पुढनं निघून जायच्या. फोडणीचा वास घ्यायच्या आणि जायच्या.

त्यातली एक हिरा. आमच्या चुलाणासमोरच तिचं दार. नवरा आजारी, अंथरुणाला खिळलेला. दोन मुली. घर तिच्या चाळणीवर चाललेलं. एकदा वखारीत ती पडली. महिना झाला नाही तोवर परत पडली. मुकादमानं तिला बजावलं, "हिरा, अजून एकदा पडलीस तर मला सांगू नगंस. दुसरी बघतो."

मी त्याच संध्याकाळी तिच्या दारात गेले. म्हटलं, "समोर उप्पीट शिजतंय आणि तू उपाशी जातीस. डोकं हाय का न्हाय तुला?"

ती म्हणाली, "आक्का, त्या फळीवर मोफत लिवलंय. मोफत म्हंजे फुकटच न्हवं?"

"मग? इकत द्यू व्हय?"

"माझी आय गावात एका घरी सणाचं वाढलेलं खायची," हिरा म्हणाली. "वर्षभर त्येंच्यात राबायची. एकदा काय तरी बोलली, तर म्हणाले, आमचं मीठ खातीस आणि आमालाच बोलतीस? आय गप झाली ती मरूस्तवर गपच. आम्ही धम्म घेतला, गाव सोडलं, ते माझ्या पोरींनी कुणाचं मीठ खावं म्हणून न्हाय."

"मी तुला कवा बोलनार हाय का?"

"तुमी न्हाय बोलनार. रवा देनारा बोलंल की."

मी म्हटलं, "मग पड जा वखारीत," आणि रागानं निघून आले. समजूत घालणं हे काम मला कधी जमलं नाही.

पुढची गोष्ट आमच्या गबाळेपणानं झाली. मोठ्या स्वयंपाकात एक नियम असतो, मीठ एकाच हातानं पडायचं. दहा जणं राबत असली तरी मीठ एकाचंच. नाहीतर दोघं घालतात, नाहीतर कुणीच घालत नाही. आमच्यात ते माझ्याकडं होतं. त्या सकाळी लाकडं ओली होती. मी फुंकणी घेऊन धुरात बसलेले. पाण्याला उकळी आली. मी बिस्मिल्लाला म्हटलं, "टाक गं." ती म्हणाली, "टाकलं." मी म्हणत होते मीठ. तिनं टाकला होता कढीपत्ता.

पहिला घास धोंडीमामानं घेतला. "आक्का, मीठ काय दिवाळीला घालनार हाईस?"

मी चव बघितली. आळणी. मिठाचा डबा तर मी घरीच विसरले होते. पोरं खिदळत आपापल्या घरी पळाली आणि मुठीतनं, कागदातनं मीठ घेऊन आली. हा गोंधळ ऐकून हिरा दारात आली. "काय झालं?"

"मीठच न्हाय बाई," बिस्मिल्ला ओरडली. "आज ज्याचं त्यानं आणायचं."

हिरा दारात तशीच उभी राहिली. मग आत गेली. बाहेर आली तेव्हा दोन्ही मुली बरोबर होत्या, हातात जर्मलच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, ताटल्या होत्या आणि तिची एक मूठ मिटलेली होती. पंगतीच्या टोकाला बसली आणि म्हणाली, "वाढा." मी वाढलं. तिनं मूठ उघडली, मुलींच्या ताटलीत चिमूट चिमूट टाकली, आपल्या ताटलीत टाकली, कालवलं आणि तिघींनी खाल्लं. ताटल्या धुतल्या, मुलींना शाळेकडं लावलं आणि वखारीला गेली. आभार मानले नाहीत. मानले असते तर मला बरं वाटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी डबा माझ्याजवळ होता. मी तो उघडला नाही. बिस्मिल्लानं चव बघितली. "आक्का, परत इसरलीस?"

"व्हय, इसरले. उद्या बी इसरनार हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग समोरच्या दाराकडं बघितलं आणि उलथणं घेऊन वाढायला लागली. गुरुजींना मी सगळं सांगितलं. ते उठले आणि फळीवरचं 'मोफत' ओल्या फडक्यानं घासायला लागले. रंग निघेना, तेव्हा वरनं चुना मारला. त्यावर लिहिलं, 'मीठ घरून आणावे'. खाली तेच कानडीत.

त्यानंतर बायका यायला लागल्या. एकदम नाही, पण आल्या. मुठीत काहीतरी घेऊन येणाऱ्या माणसाची चाल वेगळी असते. रिकाम्या हातानं येणारा इकडंतिकडं बघत येतो. या सरळ यायच्या आणि "वाढा" म्हणायच्या. थोड्याच दिवसांत एक पातेलं पुरेना, दुसरं चढवलं. वखारीत बायका पडायच्या कमी झाल्या. बंद झाल्या असं म्हणणार नाही, कारण धुरळा तोच होता. हिरा मात्र परत पडली नाही.

स्वयंपाकीण म्हणून माझी यात मानहानीच होती. वरनं टाकलेलं मीठ रव्यात मुरत नाही. एक घास खारट, एक घास सपक. माझ्या हातच्या उप्पिटाची खरी चव त्या वस्तीनं कधी बघितलीच नाही. लग्नघरी मला बोलवायला आलेले लोक विचारायचे, "आक्का, आमच्यात मीठ घालशील न्हवं?"

धोंडीमामाची एक गोष्ट सांगायची राहिली. तो सोवळ्याओवळ्याचा मोठा. हिरा टोकाला बसायला लागल्यापासून हा दुसऱ्या टोकाला बसायचा. एके दिवशी तो मीठ विसरून आला, आणि उशीर झाल्यामुळं जागा मिळाली ती हिराच्या शेजारची. घास तोंडात फिरवत तो बसला. हिरानं बघितलं आणि मिठाचा तळहात पुढं केला. मामा त्या हाताकडं बघत राहिला. सगळी पंगत मामाकडं बघत राहिली. शेवटी त्यानं दोन बोटांनी चिमूट उचलली, कालवली, खाल्ली आणि म्हणाला, "जरा जाडं हाय मीठ. बारीक घेत जा." हिरा म्हणाली, "मामा, उद्या तुमी आणा बारीक, मी घेती." दुसऱ्या दिवशी त्यानं आणलं. त्या पंगतीतली दोन घरं मात्र त्यानंतर बरेच दिवस आली नाहीत. त्यातलं एक परत आलं. दुसरं आलंच नाही.

मग वखारीच्या मालकांनी रव्याची पोती पाठवली. बायका पडत नाहीत, काम जास्त होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं असणार. पोती आणणारा म्हणाला, "मालकांनी दिलंय." गुरुजी म्हणाले, "पोटाला पोत्यावरचं नाव दिसत नाही, ठेवून घ्या." मीही ठेवून घेतली. बाजारातली दोन दुकानं तेव्हा हात आखडायला लागली होती. हिरानं पोती बघितली आणि एवढंच म्हणाली, "उद्यापासनं मीठ जरा जास्तच आणती."

त्या उन्हाळ्यात वखारीत एक गरोदर पोरगी पडली. भरल्या पोटी पडली. आत कोंडलेलं होतं आणि पाण्याची घागर बाहेर, पार फाटकाजवळ. हिरानं मुकादमाला सगळ्यांसमोर सांगितलं, की दुपारचं थोडा वेळ मागचं दार उघडा आणि पाण्याची घागर आत ठेवा. मुकादम काही राक्षस नव्हता. तोही नोकरच. पण सगळ्यांसमोर बाईनं सांगितलेलं त्याला सोसलं नाही. तो म्हणाला, "रोज सकाळी मालकांचं मीठ खातासा आणि मालकांस्नीच शिकवतासा व्हय?"

हिरा म्हणाली, "रवा मालकांचा असंल. मीठ माझ्या घरचं हाय. ताटली बी माझी. जाऊन इचारा आळणी आक्काला."

बायका हसल्या. ते हसणंच नडलं. मुकादम म्हणाला, "उद्यापासनं येऊ नगंस."

हे मला हिरानंच सांगितलं, संध्याकाळी, दारात तांदूळ निवडत. रडली नाही. फक्त म्हणाली, "बघा आक्का, आय गप बसली त्येच बरं व्हतं का काय." आत नवरा खोकत होता. देण्यासारखं माझ्याकडं उप्पिटाशिवाय काय होतं?

सकाळी नेहमीसारखं चुलाण पेटवलं. मला वाटलं होतं हिरा येणार नाही. ती आली. मुलींना घेऊन टोकाला बसली, मूठ उघडली आणि खाऊ लागली. बायका भराभर आल्या, खाली बसल्या आणि खाऊ लागल्या. वखारीची घंटा झाली. एरवी घंटेबरोबर निम्म्या बायका तोंड पुसत पळायच्या. त्या दिवशी कुणी उठलं नाही.

कुणी ठरवलं होतं, मला आजही माहीत नाही. माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. बायका एकेक कण उचलून खात होत्या. बिस्मिल्ला पातेलं खरवडत म्हणाली, "घ्या गं अजून. आज लई झालंय." झालं नव्हतं. पातेलं रिकामं होतं. ती रिकाम्याच उलथण्यानं रिकाम्या ताटल्यांत वाढत फिरली आणि बायका रिकाम्या ताटल्यांत मीठ कालवत बसल्या.

थोड्या वेळानं मुकादम आला. कपाळावर घाम. "काय चाललंय? घंटा ऐकू आली न्हाय?"

"आली की," धोंडीमामा म्हणाला. त्याचा वखारीशी काही संबंध नव्हता. "नाष्टा व्हायचाय अजून."

"चला, चला सगळ्या."

"सगळ्या?" बिस्मिल्लानं विचारलं. तिचाही काही संबंध नव्हता.

मुकादमानं पंगतीवरनं नजर फिरवली. टोकाला हिरा बसली होती. ती त्याच्याकडं बघत नव्हती, मुलीच्या तोंडाचं पुसत होती. मागं वखारीत तंबाखूची पोती पडून होती, आणि हा परत एकटा गेला तर मालक त्यालाच विचारणार होते. ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. मला त्याची दया आली असं नाही, पण तोही उपाशीच आला होता हे मी ओळखलं. आम्हा तिघांसाठी मागं ठेवलेलं होतं त्यातलं मी एका ताटलीत घातलं आणि त्याच्या हातात दिलं. "आधी खावा."

त्यानं उभ्यानंच घास घेतला. चावला. थांबला. "मीठ न्हाय ह्याला."

कुणी हसलं नाही. हिरा उठली. त्याच्यापुढं जाऊन तिनं तळहात उघडला. म्हणाली, "घ्या. माझ्या घरचं हाय. पर खाल्लं म्हणून तुमास्नी गप बसायला लावनार न्हाय मी."

मी स्वयंपाकात आयुष्य घालवलं. माणसं जेवताना बरीच बघितली. एवढ्याशा चिमटीला इतका वेळ लावलेला दुसरा माणूस बघितला नाही. शेवटी त्यानं ती घेतली. उप्पीट संपवलं. ताटली स्वतः धुऊन माझ्यापुढं ठेवली. जाताना मागं न बघता म्हणाला, "सगळ्याच चला म्हटलंय न्हवं? हिरा, तू बी."

बायका उठल्या. हिरा पुढं नव्हती, मागं होती, कारण धाकटीची वेणी सुटली होती ती घालत होती.

घागर त्याच आठवड्यात आत आली. मागचं दार उघडायला पावसाळा जावा लागला, आणि उघडलं तेही अर्धंच. मालकांचा रवा बंद झाला. गुरुजी परत दुकानं फिरायला लागले. म्हातारपणी त्यांच्या पायांना ते बरं नव्हतं, पण ते कधी बोलले नाहीत. पुढं काही वर्षांनी वखारी कमी झाल्या, बायका दुसऱ्या कामांना गेल्या, गुरुजीही गेले. एके सकाळी मी, बिस्मिल्ला आणि पाचसहा पोरं एवढीच उरलो, तेव्हा चुलाण मोडलं. बिस्मिल्ला आता नाही. तिच्याइतका रवा कुणी भाजत नाही.

हिरा बेळगावला असते, थोरल्या मुलीकडं. मुलगी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. मागच्या महिन्यात हिरा निपाणीला कुणाच्या तरी लग्नाला आली होती, तेव्हा माझ्याकडं आली. मी म्हटलं, बस, उप्पीट करते. इतक्या वर्षांत तिला एकदा तरी माझ्या हातची खरी चव दाखवायची, म्हणून नीट कांदा परतला, उकळत्या पाण्यात मोजून मीठ घातलं आणि झाकण ठेवून वाफ काढली. ताटली तिच्यापुढं ठेवली आणि पाणी आणायला आत गेले.

बाहेर येऊन बघते तर ती पदराच्या गाठीतनं मीठ सोडून कालवत होती. स्वतःच्या ताटलीत टाकून झालं होतं, माझ्याही.

"अगं, मी घातलंय की आज!"

"तुमी?" ती म्हणाली. "तुमी कवापासनं घालायला लागलासा?"

उप्पीट खारट झालं होतं. दोघींनी खाल्लं.